खिशांतील घडीचा चाकू

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील शेतकरी कमरेच्या आकडींत कोयता अडकविल्यावांचून सहसा घराबाहेर पडत नाहीं. राबाकरितां कवळ तोडावयाचा तर कोयता, भात किंवा गवत कापावयाचें तर विळा, लांकडास कुऱ्हाड. हीं सारीं हत्यारें आपल्या परिचयाचीं असून त्यांच्या निवडीसाठीं आपण लोहाराच्या भट्टीपाशीं अर्धा दिवस बसावयासहि तयार असतों. परंतु दिवसांतून दहा-बारा वेळां जें हत्यार हातीं येतें, त्याच्या निवडीकडे आपण चार मिनिटेंहि लक्ष देत नाहीं. हें हत्यार म्हणजे खिशांतील घडीचा चाकू होय. जत्रेंत अथवा बाजारच्या दिवशीं तो नजरेस पडला, पातें चकाकलें, मूठ हातास गुळगुळीत लागली, कीं घेतला. मोडला कीं दुसरा घेतला. असा आपला व्यवहार आहे.

प्रस्तुत लेखक गेलीं तीस वर्षें एक ना एक असा चाकू जवळ बाळगीत आला आहे. तेवढ्या अवधींत निदान सहा चाकू निकामी झाले, एक बोट कापलें, आणि एका पावसाळ्यांत दोनशें आंब्याच्या कलमांपैकीं बहुतेक सारीं फुकट गेलीं. या शेवटच्या नुकसानीनंतरच या लहान हत्याराकडे डोळे उघडून पाहण्याची बुद्धि झाली. तेव्हांपासूनचा अनुभव असा कीं, घडीच्या चाकूंत पात्यापेक्षां त्याचा सांधा आधीं पाहावा, आणि पोतें उघडण्याचा चाकू व कलम बांधण्याचा चाकू हे दोन निरनिराळे ठेवावे. तो कसा आला तें पुढें सांगतों.

लावणीच्या दिवसांत या चाकूकडून आपण काय काय करून घेतों तें प्रथम पाहूं. सकाळीं खताचें पोतें उघडावयाचें असतें. शिवणीचा दोरा ओढून सुटला तर उत्तम. न सुटल्यास चाकूचें टोंक घालून एकच टांका तोडावा, म्हणजे पोतें फाटत नाहीं व पुढें भात भरण्यास उपयोगी पडतें. मग रोपांच्या मुठी बांधण्यास सुंभ, सुतळी किंवा केळीचें सोपट कापावें लागतें. इरल्याच्या जागीं आतां प्लॅस्टिकचा कागद आला आहे. त्याची दोरी तोडावयास चाकूच लागतो. पंपाची नळी फाटली तर फाटलेला तुकडा सरळ कापून टाकून पुनः बसवावी लागते. दुपारीं भाकरीबरोबर कांदा व काकडी. पायांत कांटा रुतला तर टोंक. संध्याकाळीं पावसानें भिजून आवळलेली दाव्याची गांठ. यांतील एकहि काम कोयत्याचें नव्हे, आणि एकहि काम असें नाहीं कीं ज्याकरितां घरीं परत जाणें परवडेल.

हीं सारीं कामें चिखलांत, पाण्यांत व ओल्या हातांनीं होतात, ही गोष्ट मात्र चाकू विकणारा आपणांस सांगत नाहीं. आपल्या भागांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरीं गेलें तर तेथें पांच हजारांच्याहि वर. ज्या देशांत हे चाकू प्रथम तयार झाले, तेथें इतका पाऊस बहुधा पाहावयास मिळत नाहीं. तेव्हां त्यांच्या गुणदोषांची परीक्षा आपण आपल्याच शेतांत केली पाहिजे.

आतां सांध्याविषयीं. साध्या घडीच्या चाकूच्या मुठींत पाठीकडून एक पोलादी कमान असते. पात्याचें बूड चौकोनी घडविलेलें असून ती कमान त्याच्या सपाट अंगावर दाबून बसते. म्हणून पातें उघडलें कीं उघडें राहतें व मिटलें कीं मिटलेलें राहतें. परंतु नीट ध्यानांत घ्यावें कीं, ही कमान पात्यास अडवीत नाहीं, ती त्यास केवळ दाबून धरते. धारेच्या बाजूनें जोर असेल तोंपर्यंत कांहीं भय नाहीं. मात्र टोंक खुपसून भोंक पाडूं लागलों, किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला, कीं कमान हार खाते व पातें थेट बोटांवर मिटतें. माझें बोट असेंच कापलें. नारळाच्या करवंटीस भोंक पाडीत होतों. काम चाकूचें नव्हतें, आणि जवळच सामता पडला होता. आळस, दुसरें काय!

हा धोका टाळण्यासाठीं कांहीं चाकूंस पातें अडकविणारा खटका असतो. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें सन १८९० मध्यें शेतकऱ्यांकरितां लांकडी मुठीचा एक साधा चाकू काढला. त्यास सन १९५५ मध्यें फिरणारें लोखंडी कडें जोडण्यांत आलें. कडें फिरविलें कीं पात्याची वाट बंद होते. युक्ति इतकी साधी आहे कीं तींत बिघडण्यासारखें कांहीं नाहीं, आणि कडें काढून आंतील चिखल धुतांहि येतो. असा एक चाकू मला मुंबईच्या एका नातेवाइकानें आणून दिला होता. जानेवारीपासून मेपर्यंत त्याच्यासारखा दुसरा चाकू नाहीं असें मी सर्वांस सांगत असें. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि त्याची बीच लांकडाची मूठ अशी फुगली कीं पातें दोन्ही हातांनीं ओढलें तरी निघेना. मूठ दगडावर आपटून तें काढावें लागे. पुढें उन्हाळ्यांत ती मूठ पूर्ण वाळवून जवसाच्या तेलांत भिजवून ठेविली, तेव्हां फुगणें पुष्कळ कमी झालें. अगदींच थांबलें असें मात्र नाहीं. आपल्याकडे ज्यास हा चाकू घ्यावयाचा असेल त्यानें हें तेलाचें काम पहिल्याच उन्हाळ्यांत करावें.

दुसऱ्या कांहीं चाकूंत मुठीच्या आंतील पितळी वा पोलादी पत्रा बाजूस सरकून पात्याच्या बुडाखालीं येतो व पातें अडवितो. हे चाकू एका हातानें उघडतां-मिटतां येतात हा मोठा गुण आहे. परंतु त्या पत्र्याच्या फटींत आपल्या भातखाचरांतील चिखल एकदां वाळला, कीं पत्रा पुरता सरकत नाहीं. आणि अडकला असें वाटून आपण निर्धास्तपणें जोर देतों, तेव्हांच तो निसटतो. अर्धवट बसलेला खटका हा खटका नसण्यापेक्षां वाईट, कारण खटका नसेल तर मनुष्य निदान जपून तरी वागतो.

सांध्याच्या गंजाची गोष्ट याहून गंभीर आहे. एका आषाढांत ओढ्याच्या कांठीं बांधलेला बैल घसरला व त्याच्या मानेस दाव्याचा फांस बसला. दावें तोडण्यासाठीं मीं चाकू काढला. पण आठ दिवस भिजत्या खिशांत पडून त्याचा सांधा गंजला होता, आणि नखानें उघडण्याच्या खांचेंत ओलें नख कांहीं केल्या ठरेना. अखेर शेजारच्या खाचरांतून गडी कोयता घेऊन धांवत आला. बैल वांचला, पण तो चाकूमुळें नव्हे. पातें त्या वेळीं उत्तम धारेचें होतें, हें येथें मुद्दाम सांगतों.

म्हणून चाकू घेतेवेळीं प्रथम पातें उघडून दोन्ही बाजूंस हलवून पाहावें. सांध्यांत यत्किंचितहि डळमळ असल्यास तो ठेवून द्यावा, कारण ती पुढें वाढतच जाते. उघडलेला चाकू उजेडाकडे धरून कमान व पात्याचें बूड यांमध्यें फट दिसते काय तें बघावें. मिटलेलें पातें मुठीच्या बरोबर मध्यें बसलें पाहिजे. एका अंगास घासत असल्यास धार आंतल्या पत्र्यावर घासून बोथट होते. हात पाण्यांत बुडवून ओल्या बोटांनीं तें उघडतां येतें कीं नाहीं, हेंहि दुकानांतच पाहावें. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें. मुठीच्या शेवटीं दोरी ओंवण्याचें भोंक असावें व त्यांत तांबड्या रंगाची दोरी बांधावी. चिखलांत पडलेला चाकू दोरीमुळें सांपडतो. पातें तीन इंचांचें पुरे. त्याहून लांब पातें खिशास जड व कामास निरुपयोगी. एकाच मुठींत कात्री, करवत, पेचकस, बूच काढण्याचा स्क्रू असे दहा-बारा प्रकार असलेले चाकूहि मिळतात. स्वित्झर्लंडच्या सैनिकांसाठीं सन १८९१ पासून निघालेल्या चाकूची ती संतति. पंप व फवारणीयंत्र यांशीं ज्याचें रोजचें काम आहे त्यास पेचकसाचा उपयोग होतो. इतरांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, जितकीं पातीं अधिक तितके सांधे अधिक, आणि जितके सांधे अधिक तितका गंज अधिक.

पात्याच्या पोलादाचे आपल्या कामापुरते दोन वर्ग करितां येतात. पहिलें साधें कर्बयुक्त पोलाद. लोखंडांत शेंकडा अर्ध्यापासून एकपर्यंत कर्ब असला म्हणजे तापवून पाण्यांत वा तेलांत बुडवितांच तें कठीण होतें; त्यास आपला लोहार पाणी देणें म्हणतो. याची धार तीक्ष्ण होते व दगडावर लवकर लागते. पण तें गंजतें. दुसरें न गंजणारें, म्हणजे आपण ज्यास स्टेनलेस म्हणतों तें. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून निरनिराळें पोलाद तयार करून पाहत असतां, सन १९१३ मध्यें त्यास क्रोमियम मिसळलेलें पोलाद गंजत नाहीं असें आढळलें. चाकूच्या पात्यांत हें क्रोमियम शेंकडा तेराच्या आसपास असतें. हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन पात्यावर डोळ्यांस न दिसणारा एक पातळ थर बसतो, आणि तो थर आंतील लोखंडाचें रक्षण करितो. यामुळें स्टेनलेस मुळींच गंजत नाहीं असा आपला समज होतो, तो बरोबर नाहीं. पोटॅश खतांत क्लोराइड असतें, मिठांतहि तेंच. क्लोराइड त्या रक्षक थरास जागोजाग भेदतें व पात्यावर सुईच्या टोंकाएवढे खड्डे पडतात. पोटॅशचें पोतें उघडून चाकू तसाच मिटला, कीं दोन-तीन आठवड्यांत हे खड्डे दिसूं लागतात. धुऊन पुसला असतां कांहीं होत नाहीं.

दुकानांत पातें कोणत्या वर्गाचें आहे हें कळत नाहीं. लोहचुंबकानें परीक्षा होते असें कित्येक सांगतात, परंतु चाकूचें स्टेनलेस पोलादहि बहुधा लोहचुंबकास चिकटतें, म्हणून ती परीक्षा व्यर्थ आहे. घरीं आणल्यावर एक कैरी किंवा लिंबू कापून रस पात्यावर घटकाभर तसाच राहूं द्यावा. साधें पोलाद काळसर-निळसर पडतें. स्टेनलेस तसेंच राहतें. हा काळेपणा म्हणजे गंज नव्हे. तांबूस गंज पोलाद खात जातो. हा काळा थर उलट थोडेंबहुत रक्षणच करितो. तेव्हां तो राखेनें घासून पातें पुनः चकचकीत करण्याचा आमच्या घरच्या मंडळींचा उद्योग मीं मोठ्या प्रयासानें बंद केला.

रोजच्या कामास, म्हणजे पोतीं, सुतळी, कांदा व गांठी यांस, आपल्या पावसांत स्टेनलेस पातें बरें असें माझें मत झालें आहे. धार थोडी लवकर जाते. जाऊं द्यावी, पुनः लावितां येते. कलमाच्या कामास मात्र साधें कर्बयुक्त पोलादच हातीं घ्यावें. कारण येथून पुढें प्रश्न गंजाचा राहत नाहीं, धारेचा होतो.

गोव्यांत पोर्तुगीजांच्या अमलांत आंब्याच्या भेट कलमांची कला रुजली व तेथून ती कोंकणांत वर सरकत आली, हें वाचकांस ठाऊक असेलच. भेट कलमांत मातृवृक्षाची फांदी व कुंडींतील रोप यांची साल कांहीं लांकडासह कापून दोन्ही एकत्र बांधावयाचीं असतात. त्यांत हातून थोडी चूक झाली तरी फांदी झाडालाच असल्यामुळें ती जगते व चूक भरून निघण्यास दोन-अडीच महिने मिळतात. सन १९७२ मध्यें दापोलीस कृषि विद्यापीठ झाल्यानंतर कोंकणांत कोय कलमांचा प्रसार झाला. हें कलम स्वस्त व जलद खरें, पण तें चूक सहन करीत नाहीं. पावसाच्या आरंभीं रुजलेल्या कोयीचें पंधरा दिवसांचें कोंवळें रोप घ्यावयाचें. त्याचीं पानें अजून तांबूस असतात. कोयीच्या वर सुमारें तीन इंच देंठ राखून शेंडा उडवावयाचा, त्या देंठास मधोमध दीड-दोन इंच चीर द्यावयाची, आणि तेवढ्याच जाडीच्या डोळकाडीचें खालचें टोंक दोन्ही बाजूंनीं तासून पाचरीसारखें करून त्या चिरेंत बसवावयाचें. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावयाची. डोळकाडी झाडापासून तुटलेली असते. चार-सहा दिवस ती केवळ आपल्या अंगच्या ओलाव्यावर जगते, आणि तेवढ्यांत दोहोंचा सांधा जमला नाहीं तर वाळते.

सांधा जमतो तो लांकडाचा नव्हे, सालीचाहि नव्हे. साल व लांकूड यांच्या मध्यें एक अतिशय पातळ, ओलसर थर असतो. झाडाची जाडी वाढविण्याचें काम तोच करितो. रोपाचा हा थर व डोळकाडीचा हा थर एकमेकांस भिडले पाहिजेत. पाचरीचें अंग आरशासारखें सपाट असेल तर ते सर्व लांबींत भिडतात. अंग बाकदार असेल, किंवा चाकू अडखळून मध्यें पायरी पडली असेल, तर तेवढ्या जागीं पोकळी राहते. पोकळींत पाणी व हवा शिरते आणि तेथून सांधा काळा पडूं लागतो. बोथट पातें आणखी एक अपाय करितें. तें पेशी कापीत नाहीं, चिरडतें. आणि चिरडलेला भाग जुळून येत नाहीं, मरतो.

माझीं दोनशें कलमें गेलीं त्या वर्षीं मीं रोजच्या खिशांतल्या चाकूनेंच काम केलें होतें. आदल्या दिवशीं त्यानें युरियाचीं पोतीं उघडलीं होतीं. धार मीं लाविली होती, आणि ती अंगठ्यास चांगली तीक्ष्ण लागतहि होती. मग चुकलें कोठें? नित्याच्या चाकूचें पातें दोन्ही अंगांस उतरतें असतें व पाठीकडे जाड असतें. म्हणजे तें स्वतःच एक पाचर असतें. अशा पात्यानें डोळकाडी तासूं लागलों कीं तें आंत शिरतां शिरतां बाहेर ढकललें जातें व काप बाकदार पडतो. रोपास चीर देतांना जाड पाठ आंत घुसून कोंवळा देंठ धारेच्या पुढें आपोआप फाटत जातो. वाळलेलीं कलमें सोडून पाहिलीं तेव्हां बहुतेकांच्या पाचरीचा मधला भाग काळा व दोन्ही टोंकें मात्र चिकटलेलीं, असें स्पष्ट दिसलें. पन्नास कलमेंहि हातीं लागलीं नाहींत. कोयी गेल्या, डोळकाड्या गेल्या, चार माणसांची मजुरी गेली. आणि सर्वांत वाईट हें कीं वर्ष गेलें, कारण कोंवळीं रोपें पुढच्या पावसाळ्याशिवाय मिळत नाहींत.

कलमाच्या चाकूचें पातें एका अंगास अगदीं सपाट असून दुसऱ्याच अंगास उतार असतो. सपाट अंग डोळकाडीकडे धरलें कीं तें काडीवर पट्टीसारखें टेकतें व एका ओढींत सरळ काप येतो. उजव्या व डाव्या हाताकरितां उतार उलट-सुलट बाजूंस लागतो. डावखुऱ्या मनुष्यानें उजव्या हाताचा चाकू घेऊन कितीहि सराव केला तरी काप सरळ येत नाहीं, आणि मग त्याचा हातच वाईट असें आपण म्हणतों. कित्येक चाकूंस मागें पितळेचें किंवा हाडाचें बोथट जिभलीसारखें टोंक असतें. तें डोळा भरतांना साल सोडविण्याकरितां असतें, आंब्याच्या कोय कलमास लागत नाहीं. पुढल्या वर्षीं असा निराळा चाकू घेऊन काम केलें, आणि चारांतील तीन कलमें जगलीं. सगळें श्रेय चाकूस देणें बरोबर होणार नाहीं. त्या वर्षीं डोळकाड्यांचीं पानें आठ दिवस आधीं छाटून ठेविलीं होतीं व डोळे चांगले फुगले होते. तरी काप पाहिल्याबरोबर फरक कळत होता, एवढें निश्चित.

काजूच्या मृदुकाष्ठ कलमासहि हाच चाकू चालतो. आंब्याचा व काजूचा चीक पात्यावर वाळूं देऊं नये. दहा-पंधरा कलमें झालीं कीं स्पिरिटानें भिजविलेल्या फडक्यानें पातें पुसावें. त्यायोगें चीकहि जातो व एका झाडाचा रोग दुसऱ्यास लागण्याचें भय कमी होतें. कित्येक जण याच हेतूनें पातें दिव्याच्या ज्योतीवर धरतात. तें करूं नये. पोलाद तापत जातांना प्रथम पिवळसर व मग जांभळट-निळें दिसूं लागतें. निळा रंग सुमारें तीनशें अंश उष्णतेवर येतो, आणि तो आला कीं लोहारानें दिलेलें पाणी उतरलें असें समजावें. धारेचा भाग पातळ असल्यामुळें ज्योतीवर तो क्षणांत तापतो. शिकलगाराच्या किंवा विजेच्या फिरत्या दगडावर चाकू दिल्यानेंहि हेंच होतें. कोयत्यास तें चाकल्य सोसतें, कलमाच्या पात्यास सोसत नाहीं.

धार हातानेंच लावावी. कुरुंदाचा दुहेरी दगड, एक बाजू भरड व एक बारीक, एवढी सामग्री पुरे. दगड पाण्यानें भिजवावा. रोजच्या चाकूचें पातें दगडापासून वीस अंश, म्हणजे काटकोनाच्या चौथ्या भागाहून थोडें कमी, उचलून दोन्ही अंगें सारख्या ओढींनीं घासावीं. घासतां घासतां दुसऱ्या अंगास धारेवर बारीकशी कोर उठते, ती बोटास लागते. लागली म्हणजे त्या अंगाचें काम झालें. कलमाच्या चाकूचें उतरतें अंगच दगडावर घासावें. सपाट अंग शेवटीं एक-दोन वेळां दगडावर पूर्ण टेकवून कोर काढण्यापुरतें फिरवावें. सपाट अंग जो उचलून घासतो तो चांगल्या कलमी चाकूचा भाजी चिरण्याचा चाकू करितो. शेवटीं जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पातें उलट ओढावें. परीक्षेस वर्तमानपत्राचा एक कागद हातीं लोंबता धरून वरून कापावा. न अडखळतां चिरला म्हणजे झालें.

पावसाळ्यांतील निगेस रोज एक मिनिट लागतो. चाकू उघडून गोड्या पाण्यानें सांध्यासह धुवावा, पुसावा, उघडाच ठेवून वाळूं द्यावा, आणि मग सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब व पात्यावर खोबरेल तेलाचें बोट फिरवावें. पात्यानें आपण काकडी-कांदा कापतों, म्हणून त्यास यंत्राचें तेल नको. चामड्याच्या म्यानांत चाकू पावसाळाभर ठेवूं नये. म्यान दिसण्यांत ऐटदार, पण तें ओल धरून ठेवतें. ज्यांच्या घरीं अजून चूल आहे त्यांनीं चुलीवरच्या फळीवर ठेवावा.

चाकूनें हात कापला तर काय करावें, याविषयीं आपल्याकडे अजून गैरसमज आहेत. गंजलेल्या पात्यानें धनुर्वात होतो असें म्हणतात. धनुर्वात गंजानें होत नाहीं. त्याचे जंतु मातींत व शेणांत असतात. गोठ्यांतून काढलेला चकचकीत चाकूहि तितकाच घातक. जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवावी, स्वच्छ फडक्यानें दाबून रक्त थांबवावें, आणि धनुर्वाताची लस घेऊन पुष्कळ वर्षें झालीं असतील तर त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन टोंचून घ्यावी. जखमेंत हळद किंवा तंबाखू भरून घरीं बसणें म्हणजे पेरणीच्या दिवसांत महिनाभर हात गमावण्याची तयारी करणें होय.

आणि एका प्रसंगीं चाकू खिशांतून मुळींच काढूं नये. तो प्रसंग सर्पदंशाचा. गवत कापतांना फुरशाचा दंश आपल्या डोंगरांत नवा नाहीं. दंशाच्या जागीं चाकूनें चीर देऊन रक्त काढावें असें जुनीं माणसें सांगत, आणि पूर्वीं कित्येक छापील पुस्तकांतहि तसें असे. फुरसें व घोणस यांच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्तिच नाहींशी होते. अशा अंगावर चीर दिली तर रक्त थांबत नाहीं, आणि विष मात्र त्या वाटेनें बाहेर येत नाहीं. चीर देऊं नये, चोखूं नये, दोरीनें करकचून बांधूं नये. तो हात किंवा पाय न हलवितां, मनुष्यास न चालवितां, प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत न्यावें. विंचवाच्या दंशासहि चाकूचा उपाय नाहीं. तांबड्या विंचवाच्या विषानें माणसें कां मरतात व प्राझोसिन नांवाच्या साध्या गोळीनें तीं कशीं वांचतात, याचा अभ्यास आपल्या महाड तालुक्यांतच झाला. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत काम केलेले व पुढें महाडांत स्थायिक झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तो केला. सन २०२२ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. ज्या तालुक्यांतून ही विद्या जगास मिळाली, त्याच तालुक्यांत कोणी दंशावर चाकू चालवावा हें शोभत नाहीं.

कायद्याविषयीं कांहीं मंडळी विचारतात. सन १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत केवळ घरगुती अथवा शेतकीच्या उपयोगासाठीं केलेल्या वस्तु शस्त्रांत धरलेल्या नाहींत. तीन इंचांच्या कलमी चाकूबद्दल भीति बाळगण्याचें कारण नाहीं. खटका दाबतांच उघडणारा, हातभर आवाज करणारा रामपुरी थाटाचा चाकू शेतावर कशास लागतो, हें मात्र मला कधीं कळलेलें नाहीं.

आतां एका चाकूची हकीकत सांगून पुरें करितों. सन २०२१ च्या जुलईच्या २२ तारखेस सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें, आणि त्याच दिवशीं तळिये गांवावर डोंगर कोसळला. आमच्या एका सोयऱ्याच्या महाडांतील घरांत छातीइतका गाळ भरला होता. तो उपसण्यास आम्ही गेलों, तेव्हां मेजाच्या खणांत त्याचा वडिलोपार्जित चाकू चिखलाचा गोळा होऊन पडलेला सांपडला. साधें पोलाद, शिंगाची मूठ, पितळी पत्रे. उघडण्याची घाई न करितां तो प्रथम स्वच्छ पाण्यानें धुतला व मग रात्रभर रॉकेलांत बुडवून ठेविला. सकाळीं फडक्यांत धरून हळूहळू दाब दिला, पुनः बुडविला, पुनः दाब दिला. दुपारीं तो उघडला. सांधा पितळी पत्र्यांमुळें वांचला होता, कमानहि शाबूत होती. पातें धारेपर्यंत खड्ड्यांनीं भरलें होतें. दगडावर घासून धार लाविली, तरी खड्डा आला कीं ती तेवढ्यापुरती तुटते. पुढच्या वर्षीं हौसेनें त्यानें एक कोय चिरून पाहिली, तर देंठ दोन जागीं फाटला. सुतळी मात्र तो सुरेख कापतो. सध्यां तो सोयऱ्याच्या गोठ्यांत खांबाच्या खिळ्यास तांबड्या दोरीनें टांगलेला असून पेंढ्यांचे बंध त्यानेंच तोडले जातात.